सिलिका घालून लिक्विड क्रिस्टलचे एकसारखे थेंब : दिवाळी ते गणपती वापरून झाल्यावर

आमची लॅब पुण्यात, काम कोटिंगचं. म्हणजे प्लास्टिक फिल्मवर आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइड, वीज वाहून नेणारा) पारदर्शक थर असतो, त्यावर लिक्विड क्रिस्टलचे (वाहतं तेलासारखं, पण रेणू एका दिशेत रांगेत असतात आणि विजेने फिरतात) थेंब जिलेटिनमध्ये किंवा पीव्हीएमध्ये (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं प्लास्टिक) मिसळून बारने ओढायचे, सुकवायचे, वर दुसरा इलेक्ट्रोड, आणि व्होल्टेज दिलं की रंग येतो-जातो. सगळा घोळ आहे तो थेंबांच्या साइजमध्ये. लहान थेंबाला फिरवायला जास्त फील्ड लागतं, मोठ्याला कमी, त्यामुळे एकाच फिल्ममध्ये 2 मायक्रॉनचे आणि 20 मायक्रॉनचे शेजारी शेजारी बसले की अर्धे स्विच होतात, अर्धे ढिम्म, आणि डिस्प्ले मळकट दिसतो.

यावर जो तो एकच सल्ला देतो, भारीतला होमोजिनायझर (जोरात फिरणाऱ्या ब्लेडने थेंब बारीक करणारं मशीन) घ्या. माझं मत विचाराल तर नका घेऊ. होमोजिनायझर थेंब फोडतो, पण सारखे फोडत नाही, ब्लेडजवळ जोर जास्त आणि भांड्याच्या कडेला कमी, मग आरपीएम कितीही वाढवा, लहान-मोठ्याचा पसारा तसाच राहतो आणि वर फेस होतो तो वेगळाच. फेसाचा बुडबुडा फिल्ममध्ये राहिला की तिथे पिनहोल, म्हणजे सुईएवढं भोक, आणि पिनहोल म्हणजे पुढे कधीतरी ठिणगी पडून काळा डाग.

आम्ही जी पद्धत धरली तिला लिमिटेड कोअलेसन्स म्हणतात. वायली नावाच्या संशोधकाने 1954 साली यावर पेपर लिहिला होता, नंतर कोडॅकने हीच युक्ती कोलेस्टेरिक लिक्विड क्रिस्टलसाठी (रेणू मळसूत्रासारखे पिळलेले, म्हणून ठरावीक रंग परतवणारं) वापरली. पाण्यात कोलॉइडल सिलिका (पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिबारीक कण) टाकायची, कण साधारण 22 नॅनोमीटरचे, मग लिक्विड क्रिस्टल घालून हवे त्यापेक्षा बारीक थेंब करायचे आणि मिक्सर बंद करायचा. खरं काम बंद केल्यावर चालू होतं. थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत जातात, मोठे झाले की एकूण पृष्ठभाग कमी होतो, आणि होता होता उपलब्ध सिलिका सगळ्या थेंबांना पुरेल इतका झाला की प्रत्येकाभोवती सिलिकाचं चिलखत तयार होतं आणि मिसळणं थांबतं. म्हणजे साइज ठरवतो तराजू, मोटर नाही. 10 मायक्रॉनचे थेंब हवे असतील तर हिशेबाने लिक्विड क्रिस्टलच्या वजनाच्या 2 टक्क्यांच्या आसपास सिलिका लागते, दुप्पट घातली तर साइज निम्मी. प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होतं, पण एकदा आपल्या बाटलीचा आकडा बसला की बॅच मागून बॅच तीच येते. मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा बघितलं तेव्हा भिजवलेल्या साबुदाण्यासारखं दिसलं, एकाला एक चिकटून, षटकोनात, मध्ये फट नाही. आमचा जुना होमोजिनायझर आता साधा ढवळायला वापरतो.

आता कटकटी. पहिली पीएचची. ही सिलिका बाटलीत 9 च्या आसपास पीएचला शांत असते, पण थेंबावर जाऊन बसायला साधारण 4 लागतो, आणि मधला 5-6 चा पट्टा तिला अजिबात सोसत नाही, तिथे रेंगाळलात की दह्यासारखी होते. म्हणून बफर (पीएच धरून ठेवणारं द्रावण) आधी पाण्यात, आणि सिलिका पातळ करून नंतर, उलटं करायचं नाही. शिवाय नुसत्या पीएचने भागत नाही, सिलिका पाण्यातच खूश असते, तिला थेंबाकडे ढकलायला एक प्रमोटर लागतो (कोडॅकच्या रेसिपीत ॲडिपिक ॲसिड आणि मिथाइलअमिनोइथेनॉलचा पॉलिमर आहे, तो सहज मिळत नाही, करून घ्यावा लागतो). आणि बाटली फ्रीजरमध्ये कोणी ठेवू नका हो, एकदा गोठली की गेली, परत पातळ होत नाही.

दुसरी उन्हाळ्याची. ट्रायलला स्वस्त पडतं म्हणून 5सीबी नावाचं लिक्विड क्रिस्टल वापरायचो, ते 24 ते 35 डिग्रीमध्येच लिक्विड क्रिस्टल असतं, एप्रिलमध्ये दुपारी एसी बंद पडला की साधं तेल, क्रॉस्ड पोलरायझरमध्ये (एकमेकांना आडव्या ठेवलेल्या दोन पोलरायझर फिल्ममधून बघितलं तर) सगळं काळंकुट्ट. नवीन पोरं घाबरतात, सॅम्पल मेलं म्हणून. मरत नाही, गार झालं की परत येतं. ई7 हे मिश्रण घेतलं तर हा प्रश्न नाही, ते 58 च्या आसपासपर्यंत टिकतं.

कोलेस्टेरिकला मात्र माशाचं जिलेटिन घ्या. साधं जिलेटिन गार झालं की थिजतं आणि थेंब जिथे असतील तिथे अडकतात, माशाचं रूम टेंपरेचरला पातळच राहतं, त्यामुळे सुकताना थेंबांना सरकून एका थरात बसायला वेळ मिळतो. लॅबमधल्या शाकाहारी मंडळींनी नाक मुरडलं, पण फिल्म बघून गप्प बसले.

सगळ्यात जास्त वैताग दिला तो पावसाळ्याने. जिलेटिन काय, पीव्हीए काय, दोन्ही हवेतलं पाणी ओढतात, त्यात सिलिकाच्या बाटलीतून आलेलं सोडियम, मग बाइंडरमधूनच (थेंब धरून ठेवणारं हेच जिलेटिन किंवा पीव्हीए) करंट पळायला लागतो आणि फील्ड थेंबाला वळसा घालून जातं, आत पोचतच नाही. मे महिन्यात जी फिल्म 60 व्होल्टला मस्त चालायची ती जुलैत त्याच व्होल्टला अर्धवट. फिल्म एसी करंटवरच चालवतो, डीसी दिलं तर आयन एका बाजूला गोळा होऊन इलेक्ट्रोड खराब होतात, पण दमटपणाला एसी करंट काही करू शकत नाही. होमोजिनायझरचे पैसे वाचले त्यात डीह्युमिडिफायर घेतला आणि कडा इपॉक्सीने सील करायला लागलो, तेव्हा कुठे जरा बरं चाललं. ऑर्डर देताना सोडियमवाली नाही, अमोनियमवाली ग्रेड मागा. आमच्या सप्लायरने विचारता दोन्ही एकच आहे म्हणून ठोकून दिलं होतं. एक नाहीये.

काचेवर लावायच्या दुधी-पारदर्शक फिल्मसाठी ही पद्धत घेऊ नका. तिथे प्रकाश नीट विखुरायला 1 मायक्रॉनच्या आसपासचे थेंब लागतात, म्हणजे वरच्याच हिशेबाने 20 टक्के सिलिका, तेवढी घातली की द्रावण खिरीसारखं घट्ट. त्याला मोनोमरमध्ये (प्लास्टिक बनण्याआधीचा द्रव) लिक्विड क्रिस्टल विरघळवून यूव्ही मारायची पद्धतच बरी. 5 ते 15 मायक्रॉनचं काम असेल, रंग दाखवायचा असेल, बॅटरी न खाता चित्र टिकवायचं असेल तर सिलिकाच. पाचपैकी चार, एक कापला तो प्रमोटरसाठी.