कोर्लई, जयगड, रत्नागिरी की देवगड? लहान मुलाला घेऊन दीपगृह बघायचं तर

कोकणात गाडीनं जाताना आपण दीपगृह शेवटी ठेवतो. किनारा झाला, देऊळ झालं, जेवण झालं, वेळ उरला तर लाईटहाऊस. तीन ते सात वर्षांचं मूल बरोबर असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. बहुतेक दीपगृहांत बाहेरच्यांना आत सोडतात ते दुपारी उशिरा, तास-दोन तास, आणि दिवा लागायच्या आत सगळ्यांना खाली उतरवतात. नेमकी तीच वेळ पोराच्या चिडचिडीची. त्यातून एखाद्या दिवशी काम निघालं, पाहणी आली, की फाटक बंद. म्हणून ‘कुठलं दीपगृह जास्त सुंदर’ हे मी नंतर बघते. आधी एवढंच बघते की दार बंद मिळालं तर तिथं दीड तास मुलाला घेऊन काय करता येईल.

अलिबागजवळच्या समुद्रातलं खांदेरी बेट सुरुवातीलाच बाजूला ठेवू. १८६७ चं दीपगृह, भोवती मराठ्यांचा किल्ला, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेला; नावं ठेवायला जागा नाही. पण थळहून होडीनं जायचं आणि हलत्या होडीतून मूल कडेवर घेऊन चढउतार करायची. पोर दहाचं होईपर्यंत ते बेट कुठं पळून जात नाही.

मुंबईहून पहिल्यांदाच जाणार असाल तर कोर्लई सोपं, आणि त्यात दीपगृहापेक्षा रस्त्याचा वाटा मोठा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट २०२० पासून आहे. आपली गाडी बोटीत चढते आणि आपण वर डेकवर उभे, यातच पोरांचा निम्मा आनंद वसूल होतो. पुढे अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल आणि मग कोर्लई गाव, जिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची स्वतःची बोली आजही बोलली जाते. गावातला रस्ता मात्र अरुंद. समोरून टेम्पो आला की मोठी गाडी मागे घेताना घाम फुटतो.

दीपगृह किल्ल्याच्या डोंगराला टेकून आहे. मनोरा उंच नाही, म्हणून छोट्या पायांना जमण्यासारखा. त्याच्या मागून पायऱ्या थेट कोर्लईच्या किल्ल्यावर जातात. दार बंद मिळालं तर पाच-सहा वर्षांचं मूल त्या पायऱ्यांवर खूश राहील. तीन वर्षांच्याला मात्र नेऊ नका. चढ उभा आहे आणि उतरताना त्याला उचलूनच आणावं लागतं. तेव्हा गावाजवळच्या वाळूवर खड्डे खणायला सोडलेलं बरं. एका दिवसात जाऊन येता येतं, ही कोर्लईची खरी जमेची बाजू. पुण्याहून येणाऱ्यांना रो-रोचा उपयोग नाही, घाट उतरूनच यावं लागतं, त्यामुळे त्यांनी एक मुक्काम धरावा.

मला स्वतःला निवडायला सांगाल तर जयगड. १९३२ चा लोखंडी मनोरा, मुलं चित्रात काढतात तसा सरळ उभा. उत्तरेकडून दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड असे दोन फेरीबोटींचे टप्पे घेत आलात तर प्रवासच सहल होतो, आणि वाटेत अंजनवेलजवळ टोळकेश्वरचं दीपगृहही लागतं. पण एका दिवसात दोन्ही करायच्या फंदात पडू नये. दुसऱ्या मनोऱ्याला मूल ‘परत जिने?’ म्हणतं आणि आपल्याकडे त्याला उत्तर नसतं.

जयगडचं मोठेपण खालच्या समुद्रात आहे. शास्त्री नदीच्या मुखाशी बंदर आहे, मोठाली मालवाहू जहाजं येतात-जातात. दिवा कुणासाठी लावतात हे मुलाला समजावून सांगावं लागत नाही, समोर जहाज दाखवलं की झालं. बाकीच्या ठिकाणी हाच प्रश्न आला की आपण ‘पूर्वीच्या काळी नावाडी…’ असं भाषण सुरू करतो आणि पोर दगड गोळा करायला लागतं. वर जाता आलं तर दिव्याभोवतीच्या भिंगाकडे बघायला लावा. काचेच्या कड्यांवर कडी रचलेली असतात, प्रकाश इकडेतिकडे सांडू न देता क्षितिजाकडे वळवण्यासाठी. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं १८२० च्या दशकात ही रचना काढली. दिवसा या काचांना पडदे का लावतात, हे तिथल्या कर्मचाऱ्याला मुलानंच विचारावं. भिंग उन्हालाही तितकंच एकवटतं आणि आतल्या वस्तू तापून पेटू शकतात, हे ऐकताना मोठेही कान टवकारतात.

फाटक बंद असेल तर जवळच कऱ्हाटेश्वराचं देऊळ आहे, समुद्राला अगदी लागून. जयगडचा किल्लाही गाडीनं थोड्याच अंतरावर. आणि मुक्कामाला गणपतीपुळे, म्हणजे घरातल्या आजी-आजोबांनाही प्रवासात रस राहतो. खटकणारी गोष्ट एकच, सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, सावली नाही. एप्रिल-मे मध्ये साडेतीनला पोहोचून फाटकाशी रांग लावणं म्हणजे मुलाला भाजून काढणं.

रत्नागिरीचं दीपगृह खांदेरीच्याच वर्षीचं, १८६७ चं, भगवती किल्ल्याच्या परिसरातल्या वेगळ्या टेकडीवर. वर जाऊन दिसतं ते छान, पण दिवसा जयगडच्या पुढे ते मला डावंच वाटतं. रात्री मात्र उलट. शहरातच मुक्काम असतो, त्यामुळे जेवण झाल्यावर मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन टेकडीवरचा दिवा बघत बसता येतं. वर चढलेल्या कुणालाच पेटलेला दिवा फिरताना दिसत नाही, आणि मुलाला बघायचा असतो तोच! एक झोत गेला की पुढचा येईपर्यंत आकडे मोजायला सांगा. प्रत्येक दीपगृहाची ही लय ठरलेली असते आणि खलाशी तिच्यावरूनच ओळखतो की समोरचा किनारा कुठला. अंक नुकते शिकलेल्या मुलाला याहून चांगला खेळ मिळणार नाही. शिवाय दिवसाची सोय शहरात भरपूर: टिळकांचं जन्मस्थान, थिबा राजवाडा, आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे मत्स्य संशोधन केंद्राचं मत्स्यालय, जिथं देवमाशाचा सांगाडा आहे. पाऊस लागला तर चारांपैकी दिवस वाया न जाणारं ठिकाण हे एकच.

देवगडचं दीपगृह १९१५ चं, किल्ल्यातच. उंची किल्ल्यानं आधीच दिलेली असल्यामुळे मनोरा बुटका आहे, गाडी बरीच जवळ जाते, आणि तीन-साडेतीन वर्षांचं मूल स्वतःच्या पायांनी वर पोहोचण्याची शक्यता सगळ्यात जास्त इथं. पण महामार्ग सोडून तास-सव्वा तास आत यावं लागतं. कुणकेश्वर, विजयदुर्ग असा दोन दिवसांचा बेत असेल तरच ते परवडतं. आंब्याच्या दिवसांत बागायतदाराकडून पेटी घ्यायची असेल तर प्रश्नच मिटला. तटाच्या कडेला सगळीकडे कठडा असेल असं मात्र धरून चालू नका, हात सोडू नका.

गोव्यालाच निघाला असाल तर आग्वादचं जुनं चार मजली दीपगृह बाहेरून बघायचं. ते १८६४ चं आणि १९७६ पर्यंत चालू होतं. चढायचं असेल तर शेजारचं नवं. सुट्टीत गर्दी एवढी की मुलाला माणसांचे पाय जास्त दिसतात.

कुठंही गेलात तरी सकाळीच, हॉटेलवाल्याला किंवा थेट फाटकावर, आज आत सोडणार का आणि किती वयाच्या मुलाला, हे विचारून घ्या. तिकीट नाममात्र असतं, कॅमेऱ्याचे पैसे वेगळे लागू शकतात. जिना गोल आणि अरुंद असतो, दिव्याच्या खोलीत शिरायला शेवटी बऱ्याचदा लोखंडी शिडी आणि तिच्या टोकाला झडप. पाठीवरची बाळाची झोळी त्या झडपेत अडकते, म्हणून दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर आई-बाबांनी आळीपाळीनं वर जावं, एकानं खाली बाळ सांभाळावं. फाटकावरच सांगून ठेवा की दोन फेऱ्यांत जाणार आहोत, नाहीतर दुसऱ्याची पाळी येईपर्यंत वेळ संपल्याची शिट्टी होते.