धीर देणे केव्हा थांबवावे: ओसीडीविषयीच्या एका शिक्षक-प्रशिक्षणाचा अनुभव

माझ्या दुसरीच्या वर्गातील एक मुलगा ‘क’ लिहायचा, त्याची गाठ मनासारखी गोल आली नाही म्हणून खोडायचा, पुन्हा लिहायचा आणि पुन्हा खोडायचा. कागद झिजून भोक पडले की पान फाडून पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचा. बाकीच्या मुलांच्या पाच ओळी होईपर्यंत याची पहिलीच ओळ चालू असे. मी जवळ जाऊन म्हणायची, “छान आलंय रे अक्षर, पुढे लिही.” त्यावर तो विचारायचा, “बाई, नक्की?” हा प्रश्न आधी तासाला दोनदा येई, मग दहादा येऊ लागला. मानसोपचारतज्ज्ञांनी ओसीडीचे (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर या मानसिक आजाराचे) निदान केल्यावर, आपण नेमके काय करत होतो हे समजून घेण्यासाठी मी प्राथमिक शिक्षकांसाठीचे हे ऑनलाइन प्रशिक्षण घेतले. दीड-दीड तासाची सहा सत्रे आणि सोबत छापील साहित्याचा एक संच, असे त्याचे स्वरूप आहे.

पहिले सत्र परिचयाचे असूनही कंटाळवाणे नाही. मराठीत या आजाराला मंत्रचळ हा तयार शब्द आहे; पण तो आपण सारखे हात धुणाऱ्या मोठ्या माणसांविषयी, बहुधा चेष्टेनेच वापरतो आणि त्यामुळे या आजाराची बाकीची रूपे आपल्याला दिसतच नाहीत. मनात नको असताना घुसणारा विचार आणि त्यामुळे होणारी घालमेल शमवण्यासाठी करावीच लागणारी कृती, अशी ही जोडी असते, आणि ती कृती मनातल्या मनातही होऊ शकते. खिडकीबाहेर बघत बसलेले मूल प्रत्यक्षात आकडे मोजत असेल किंवा एखादे वाक्य ठरावीक वेळा घोकत असेल, तर शिक्षकाला ते केवळ लक्ष नसलेले मूल वाटते. लहान मुलांना आपण हे का करतो हे अनेकदा सांगताही येत नाही. दुसरीकडे, ठरलाच पेला हवा, झोपताना तीच गोष्ट त्याच क्रमाने हवी, हे हट्ट दोन ते सहा वर्षांच्या कितीतरी मुलांत अगदी स्वाभाविक असतात. त्यामुळे कृती विचित्र आहे का, यापेक्षा ती रोखली तर मुलाला किती त्रास होतो, तिच्यात किती वेळ जातो आणि शिकणे, खेळणे, मैत्री यांत ती किती आड येते, हे पाहायचे असते. निदानाच्या निकषांत दिवसाला एक तासाहून अधिक वेळ असे उदाहरण दिलेले असते. पण काही मुले शाळेत सगळे दाबून ठेवतात आणि घरी गेल्यावर ते बाहेर पडते, म्हणून शिक्षकाने एकट्याने हिशेब मांडू नये, हे प्रशिक्षकांनी बजावून सांगितले.

या प्रशिक्षणाचा जीव आहे तिसऱ्या सत्रात. “नक्की?” या प्रश्नाला दिलेले प्रत्येक “हो” मुलाला क्षणभर मोकळे करते आणि तो सुटकेचा क्षणच पुढच्या प्रश्नाला बळ देतो. म्हणजे मी ज्याला माया समजत होते, ती त्या आजाराला रोज घातलेली भर होती. हे ऐकताना मला अपराधी वाटले, हे खरे. पण प्रशिक्षकांनी दोष देण्यात वेळ घालवला नाही, लगेच पर्याय समोर ठेवला. मुलाने आपल्या त्रासदायक विचाराला स्वतःच एखादे नाव द्यायचे, म्हणजे मूल वेगळे आणि आजार वेगळा, हे त्यालाही कळते. आमच्या मुलाने ‘चिकटू’ हे नाव निवडले. त्यानंतर तो “नक्की?” म्हणाला की माझे ठरलेले उत्तर असे, “हे चिकटू विचारतोय का? त्याला उत्तर द्यायचं नाही, असं आपलं ठरलंय ना?” पहिल्या दिवशी तो रडला. दुसऱ्या आठवड्यात त्याने एक वाकडा ‘क’ तसाच ठेवला आणि पुढच्या अक्षराकडे गेला. अर्थात हे मी माझ्या मनाने सुरू केले नव्हते. त्याच्या तज्ज्ञांनी आणि पालकांनी ठरवलेल्या उपचाराचा तो वर्गातला भाग होता. भीतीला पायरीपायरीने सामोरे नेण्याचा उपचार शिक्षकाने परस्पर करायचा नाही, ही रेषा प्रशिक्षणात शेवटपर्यंत पाळली आहे.

सवलतींविषयीची शिस्तही मला पटली. कमी ओळी लिहायला देणे, खोडता येऊ नये म्हणून पेन देणे, तोंडी उत्तर चालवून घेणे, हे सारे करावे. मात्र प्रत्येक सवलत कमी करण्याची तारीख ती देतानाच ठरवावी, नाहीतर सवलतीचीच सवय होते. संचातील निरीक्षणाचा कागद याच विचारातून आलेला आहे. आधी काय घडले, मुलाने काय केले, किती वेळ गेला, हे रकाने कुठेही सापडतील. येथे चौथा रकाना आहे, ‘मोठ्या माणसाने काय केले’. दोन आठवडे तो भरल्यावर माझे वागणेच मला वाचता आले.

चौथे सत्र मात्र मला पटले नाही. ते सगळेच्या सगळे दीर्घ श्वास आणि शरीर सैल सोडण्याच्या तंत्राला दिले आहे आणि सोबत वर्गात ‘शांत कोपरा’ करण्याचा सल्ला आहे. पाच ते आठ वर्षांच्या 127 मुलांवरील, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेमकी हीच तुलना होती: कुटुंबाला सोबत घेऊन केलेल्या वर्तनोपचाराने 14 आठवड्यांत 72 टक्के मुलांत चांगली सुधारणा दिसली, तर शरीर सैल सोडण्याच्या प्रशिक्षणाने 41 टक्के मुलांत. म्हणजे ते तंत्र निरुपयोगी नाही, पण एक षष्ठांश वेळ देण्याइतके मोठेही नाही. शिवाय शांत कोपऱ्यात गेलेले मूल तेथे निवांतपणे आपली मोजणी पूर्ण करू शकते, याचा विचार कोणी केलेला दिसला नाही. इतर मुलांनी “त्याला कमी अभ्यास का?” असे विचारले तर काय सांगावे, यावरही जेमतेम पाच मिनिटे मिळाली. रोजचा प्रश्न तर तोच असतो.

आणि तो रंगीत तक्ता! खोडरबर न वापरल्याबद्दल चांदणी चिकटवायचा हा तक्ता भिंतीवर लावण्याच्या आकाराचा आहे. चांदण्यांना माझा विरोध नाही, या वयात त्यांचा उपयोग होतोच; पण भिंतीवर लावला की वर्गातल्या प्रत्येकाला कळणार की या मुलाला काहीतरी आहे. आयोजकांना मी तसे कळवले आहे. तोपर्यंत मी त्याची छोटी प्रत काढून त्याच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतून चिकटवली आहे, आणि चांदणी कुठे लावायची ते तोच ठरवतो. परवा त्याने ती मुद्दाम तिरकी लावली.