बॅटरीवर जगणारा बोर्ड: सीपीएस-२ सोबतचे नऊ महिने

तोक्योतील निशी-कासाईच्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात कॅपकॉम या जपानी कंपनीच्या सीपीएस-२ या आर्केड प्रणालीचा, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्रातल्या सर्किट बोर्डांचा, संच फेब्रुवारीपासून वापरात आहे. पहिले सात आठवडे सोडले, तर तो बॅटरीशिवाय चालतो आहे. त्यामुळे हा अनुभव मुख्यतः त्या बॅटरीचाच आहे.

सीपीएस-२ हे 1993 साली 'सुपर स्ट्रीट फायटर २' बरोबर आले. खाली सर्व खेळांना सामाईक ए-बोर्ड, त्यावर खेळाचा बी-बोर्ड, आणि जपानी आवृत्तीसाठी दोन्हींचे डबे हिरवे. माझ्याकडे आहे तो 1997 चा 'व्हॅम्पायर सेव्हिअर'. चित्र आणि आवाज यांबद्दल तक्रारीला जागा नाही. बोर्डाला 5 व्होल्ट मात्र नेमके मिळावे लागतात.

खोट आहे ती सुरक्षेत. प्रोग्राम कायम साठवणाऱ्या चिपमधील, म्हणजे रॉममधील, सूचना कूटबद्ध असतात आणि त्या उलगडण्याची किल्ली बी-बोर्डावरच्या कॅपकॉमच्या खास चिपमध्ये, 3.6 व्होल्टच्या लिथियम सेलने जिवंत ठेवलेल्या स्मृतीत राहते. हेतू नकली बोर्ड रोखण्याचा होता. सेल संपला की किल्ली पुसली जाते, प्रोसेसरला स्वतःच्याच सूचना वाचता येत नाहीत आणि पडद्यावर एकच रंग पसरून राहतो. जाणकार याला 'आत्महत्या' म्हणतात; मला हा शब्द बोर्डावर अन्याय करणारा वाटतो, कारण मरणाची तारीख कारखान्यातच ठरलेली असते.

माझा बोर्ड 'बॅटरी बदललेली आहे' असे सांगून विकला गेला होता. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी तो सुरू केला, तर पडद्यावर नुसता निळा रंग. डबा उघडून मल्टिमीटर लावला तेव्हा सेल 1.9 व्होल्ट दाखवत होता. तो काढल्यावर ऋण पायाखाली पांढरट हिरवी भुकटी जमलेली दिसली, आणि तिच्याखालचा तांब्याचा ट्रॅक अर्ध्या रुंदीपर्यंत खाल्ला गेला होता. ट्रॅक तुटलेला नाही हे सांगणारा मल्टिमीटरचा बीप अजून वाजत होता, एवढेच नशीब. विकत घेतल्याच्या दिवशीच डबा उघडून सेल मोजायला हवा होता. ती चूक सर्वस्वी माझी.

2016 पूर्वी असा बोर्ड जिवंत करायचा, तर उलगडलेल्या प्रोग्रामचे रॉम बसवावे लागत, म्हणजे मूळ चिप काढाव्या लागत. 2007 साली आंद्रेआस नाइव्ह आणि निकोला साल्मोरिया यांनी कूटपद्धती पूर्ण उकलली. ती चार फेऱ्यांच्या दोन फाइस्टेल जाळ्यांची (माहितीचे दोन भाग करून त्यांची फेरीफेरीने सरमिसळ करणारी रचना) आणि 64 बिट किल्लीची निघाली. मग 2016 साली एदुआर्दो क्रूझ, आर्तेमिओ उर्बिना आणि इयान कोर्ट यांनी किल्ली बोर्डात पुन्हा भरण्याची रीत शोधली, तीही मूळ रॉमला हात न लावता. किल्ली प्रत्येक बोर्डाची वेगळी नसून त्या खेळाच्या त्या आवृत्तीची असते, म्हणूनच हे जमते.

मी आधी आर्दुइनो या हौशी लोकांच्या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाने प्रयत्न केला. डेटा, क्लॉक आणि दोन सेटअप अशा चार तारा बी-बोर्डाच्या लहान कनेक्टरला जोडायच्या असतात. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, कारण एका तारेचे सोल्डर थंड बसले होते आणि भिंगाशिवाय ते दिसत नव्हते. तिसऱ्या खेपेला खेळ उभा राहिला.

नंतर नवा सेल लावायचा की दर वेळी वीज सुरू होताच किल्ली पुन्हा भरणारे छोटे मोड्यूल लावायचे, हा प्रश्न होता. सेल स्वस्त असतो आणि बोर्डाचे मूळ रूप टिकते. पण काही वर्षांनी तीच भीती परत येते. मी मोड्यूल घेतले. मेपासून ते एकदाही चुकलेले नाही, सुरू होण्याच्या वेळेत मला जाणवण्याइतका फरक पडलेला नाही, आणि जूनच्या दमट पावसातही काही बिघडले नाही. मूळ अवस्थेचा आग्रह धरणाऱ्या संग्राहकाला मात्र ते पसंत पडणार नाही.

एक गोष्ट त्या दिवशी गमतीची वाटली. किल्ली भरून खेळ उभा राहिल्यावर मी चाचणीचा मेनू उघडला, तर आधीच्या मालकाने ठरवलेली मांडणी जशीच्या तशी होती: एका डावाला दोन नाणी. ती ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपमध्ये, साठवलेली असते आणि तिला बॅटरी लागत नाही.