कॅसिओ एफएक्स-991ईएक्स: त्वरण बदलतं तेव्हा किती कामाचा?

त्वरण स्थिर नसलं की शाळेतली तीन समीकरणं बाजूला ठेवायची आणि इंटिग्रेशनला, म्हणजे बदलत्या राशीच्या बारीक बारीक तुकड्यांच्या बेरजेला, हात घालायचा. हा कॅल्क्युलेटर ते आकड्यांत करून देतो, सूत्र देत नाही. त्वरणावरून वेग काढताना सुरुवातीचा वेग त्यात तुम्हीच जोडायचा. तो विसरलात तर उत्तर चुकीचं, पण दिसायला अगदी साजरं.

उदाहरणार्थ, त्वरण ए = 6टी − 12 (टी म्हणजे वेळ), सुरुवातीचा वेग 9 मी/से. मग वेग व्ही = 3टी² − 12टी + 9. हे 0 ते 4 सेकंद इंटिग्रेट केलं की पडद्यावर 4 येतं. ते विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटची जागा किती दूर ते. कापलेलं अंतर विचारलं असेल तर व्हीला ॲब्सोल्यूट व्हॅल्यूच्या उभ्या रेघांत घालायचं, मग येतं 12, कारण कण 1 आणि 3 सेकंदांना उलटा फिरतो. निम्मे मार्क इथेच जातात. आधी टेबल मोडमध्ये 0 ते 4, पायरी 0.5 देऊन वेगाचं चिन्ह कुठे बदलतं ते पाहून घ्या. वेग शून्य कधी होतो ते शोधणारं सॉल्व्ह हे बटण एका वेळी एकच उत्तर देतं: शोधाची सुरुवात 0 दिली तर 1, 5 दिली तर 3. सुरुवात 2 देऊ नका, सॉल्व्ह आलेखाच्या उतारावरून पुढे सरकतं आणि तिथे उतारच शून्य आहे.

खरी किंमत वसूल होते ती त्वरण वेगावर अवलंबून असतं तेव्हा. ए = 9.8 − 0.02व्ही² असेल तर 1/ए हे व्हीच्या 0 ते 20 मध्ये इंटिग्रेट करा, वेळ 3.37 सेकंद. कळफलकावर मात्र चल राशी एक्सच आहे, तेव्हा व्हीच्या जागी एक्स टाका. वरची मर्यादा 22.14 च्या पुढे नेऊ नका. टर्मिनल वेग, म्हणजे ज्याला त्वरण शून्य होतं तो वेग, तेवढाच, तो गाठायला अनंत काळ लागतो. त्यापुढे एरर तरी येते, नाहीतर निरर्थक आकडा. त्वरणासाठी व्ही डीव्ही/डीएक्स (इथे एक्स म्हणजे स्थान) वापरायचं की डीव्ही/डीटी, हे अर्थातच कॅल्क्युलेटर सांगत नाही.

सगळ्यात मोठी खोड म्हणजे नवा कॅल्क्युलेटर डिग्रीत असतो. 2 साइन टी हे 0 ते पाय इंटिग्रेट केलं तर 4 यायला हवेत, येतात 0.17. शिफ्ट-मेनू, मग अँगल युनिटमध्ये रेडियन करा.

जेईई आणि गेटच्या परीक्षेत तो नेता येत नाही, त्यामुळे त्या तयारीसाठी घरी पडताळ्यापुरताच.