लग्नाचा अल्बम: काही महिने हाताळल्यानंतर

अल्बम हातात येऊन बरेच महिने झाले. घरी येणारा जवळपास प्रत्येक जण तो मागतो, मुलं तर जमिनीवर पसरूनच बघतात. तरी बांधणी जराही सैल झालेली नाही. आम्ही ले-फ्लॅट प्रकार घेतला होता. त्यात समोरासमोरची दोन पानं म्हणजे एकच सलग प्रिंट असते. ती मधोमध दुमडून पुढच्या प्रिंटला पाठीला पाठ लावून चिकटवतात. अल्बम सपाट उघडतो आणि सगळ्यांच्या फोटोत मधल्या घडीत कुणाचा चेहरा हरवत नाही.

खरा कस लागला तो डिझाइनमध्ये. पहिल्या मसुद्यात एकेका पानावर आठ-नऊ फोटो, मागे फुलांची नक्षी, कोपऱ्यात आमचेच फिकट केलेले चेहरे. ते सगळं काढायला लावलं. पानावर एक मोठा फोटो, समोर दोन-तीन लहान आणि भोवती मोकळी पांढरी जागा, एवढंच ठेवलं. आज लोक ज्या पानांवर थांबतात ती हीच. आमच्या ठरवून काढलेल्या फोटोंपेक्षा आजीच्या हसण्याचा आणि बाबांनी डोळे पुसतानाचा फोटो जास्त वेळ पाहिला जातो. निवड करताना अशा फोटोंना मोठी जागा द्या, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

आकाराचं गणितही बघावं लागतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० × ४००० पिक्सेलचा असतो. ३०० डीपीआयने, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, तो २० इंच रुंद छापता येतो. ३६ इंचांवर ताणला की १६७ डीपीआयच्या आसपास उरतात. फोटो नीट फोकसमध्ये असेल तर हातभर अंतरावरून ते चालून जातं. व्हॉट्सॲपवरून आलेले, आकसलेले फोटो मात्र लहानच ठेवावेत.

मॅट फिनिशबद्दल समाधानी आहे. बोटांचे ठसे दिसत नाहीत, दिव्याखाली चमक येत नाही.

नाराजी एकाच गोष्टीची. रात्रीचे फोटो स्क्रीनवर दिसले त्यापेक्षा बरेच काळवंडून छापले गेले. स्क्रीन स्वतः उजळते, कागद तसा उजळत नाही, हे छापणाऱ्याने आधी सांगायला हवं होतं. सगळा अल्बम छापण्याआधी एका गडद पानाची नमुना प्रिंट जरूर मागा.

जाड पानांचं वजन अल्बमच्या बांधणीवर येऊ नये म्हणून आम्ही तो आडवा, कोरड्या कपाटात ठेवतो. आता दोन्हीकडच्या आईबाबांसाठी लहान प्रती करतोय, रात्रीची पानं उजळून घेऊन.