हेवा, मत्सर, असूया शोधायला दाते-कर्वे कोश

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा १८५७चा कोश, दोन्ही मोफत आहेत. मोल्सवर्थ अर्थ इंग्रजीत देतो, त्यामुळे हेवा, मत्सर आणि असूया त्या भाषेत एकमेकांत मिसळतात. दाते-कर्वे मराठीतच अर्थ सांगतात, जुन्या साहित्यातले दाखलेही देतात. या शब्दांसाठी आधी तोच उघडावा.

फरक मोलाचा आहे. ‘तुझा हेवा वाटतो’ हे मैत्रिणीला कौतुकाने तोंडावर म्हणता येतं. ‘तुझा मत्सर वाटतो’ म्हटलं तर नातं बिघडेल. षड्रिपूंतही मत्सर आहे, हेवा नाही. असूया आणखी वेगळी: अमरकोशानुसार दुसऱ्याच्या गुणांतही दोष काढणं. आणि ‘हेवेदावे’ म्हटलं की कौतुक संपलं, भांडण आलं.

शोधताना अडतं ते शुद्धलेखनावर. ‘ईर्ष्या’ सापडलं नाही तर ‘ईर्षा’ टाका. ‘ईर्षेने खेळला’ यातली जिद्दीची छटा विसरू नका. दोन्ही कोश जुन्या लेखनाचे, म्हणून ‘नाव’ न मिळाल्यास ‘नांव’ असा अनुस्वार देऊन पाहावं. बोलीतलं ‘माझ्यावर जळतो’ मात्र ‘जळणें’खाली, शेवटी एकारावर अनुस्वार देऊन शोधा.