रुई, फायबर आणि सुती बॅटिंग : इंदूरमध्ये तीन रजया भरल्यानंतरचा अभिप्राय

मल्हारगंजाच्या बाजूला असलेल्या, गादी-रजईचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानातून गेल्या हिवाळ्यात मी तीन प्रकारचे भरण (सुटी पिंजलेली रुई, फायबर म्हणजे पॉलिएस्टरच्या तंतूंचे शीट, आणि सुती बॅटिंग म्हणजे कापसाचा तयार सलग थर) आणले आणि दीड मीटर रुंद व सव्वादोन मीटर लांब अशा एकाच मापाच्या तीन रजया घरी शिवल्या. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एका मालाबद्दल माझी तक्रार आहे आणि तसा माल त्या एकाच दुकानात मिळत असेल असे मला वाटत नाही.

दुकानात शिरताच पहिला प्रश्न येतो, “कितने किलो की बनाना है?” आमच्या आत्या दरवर्षी दोन किलोंची रजई भरून घेत, म्हणून मीही दोन किलो सांगितले. हिशेब मात्र घरी आल्यावर केला. माझ्या रजईचे क्षेत्रफळ सुमारे ३.४ चौरस मीटर होते, म्हणजे दोन किलोंत चौरस मीटरला जवळजवळ ६०० ग्रॅम रुई बसली; त्याच दुकानातल्या गुंडाळीवरचे सुती बॅटिंग चौरस मीटरला २०० ग्रॅमचे असल्याने संपूर्ण रजईला त्याचे ७०० ग्रॅमही लागले नाहीत. पहिली रजई जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हाची, दुसरी बारीक टाक्यांच्या नक्षीची आणि फाल्गुनापर्यंत अंगावर घेता येईल अशी. किलोच्या हिशेबात हा फरक दिसतच नाही, म्हणून खोळीचे माप लिहून न्यावे आणि वजन आपणच काढावे.

पिंजलेल्या रुईबद्दल बोलायचे तर, रजईसाठी आखूड आणि जाडसर धाग्याचा देशी कापूस चांगला, कारण तो दबला तरी पुन्हा फुगतो. लांब धाग्याचा तलम कापूस सूत कातण्यासाठी योग्य असला तरी भरणात लवकर चेपतो. ज्या शहरात १९२४ साली कापसाच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था निघाली आणि जेथे गिरण्यांच्या भोंग्यावर घराघरांतली कामे चालत, तेथे रुई कोणती या प्रश्नाला “अच्छी वाली” एवढेच उत्तर मिळावे, याचे मला वाईट वाटले. माझी तक्रारही याच मालाची आहे. शुद्ध कापूस म्हणून दिलेल्या रुईची चिमूटभर वात मी ताटलीत पेटवली, तेव्हा काही तंतू कागदासारखे जळून मऊ राखाडी राख झाले, तर काही आक्रसून वितळले आणि त्यांचा कडक काळा मणी उरला. मणी उरतो तो पॉलिएस्टर. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी वाद न घालता माल बदलून दिला, हे नमूद केले पाहिजे. परंतु ही परीक्षा गिऱ्हाईकाने घरी जाऊन करावी लागू नये.

बदललेल्या रुईची पिंजाई उत्तम होती, एकही गाठ हाताला लागली नाही. चूक पुढे माझी झाली. मी टाके वीतभर अंतरावर घातले आणि महिन्याभरात रुई एका कडेला सरकली. सुट्या रुईला चार बोटांवर टाका हवाच, आणि अशी रजई धुता येत नाही. तिला ऊन दाखवायचे आणि काही वर्षांनी रुई पुन्हा पिंजून घ्यायची.

फायबरचे शीट हलके, स्वस्त आणि धुतल्यावर लगेच वाळणारे आहे. मुलांच्या अंथरुणासाठी ते मी पुन्हा घेईन. मात्र गडद निळ्या मलमलीतून त्याचे पांढरे तंतू बाहेर डोकावू लागले, म्हणून वर घट्ट विणीचे कापड घ्यावे. गरम इस्त्री लावल्यास फुगीरपणा कायमचा जातो.

सर्वांत समाधान दिले ते सुती बॅटिंगने. यात कापसाच्या थरातून काटेरी सुया वरखाली चालवून तंतू एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे डिंकासारखा चिकट पदार्थ लागत नाही आणि टाके वीतभर अंतरावर असले तरी भरण जागचे हलत नाही. सुया ज्या बाजूने शिरल्या तेथे बारीक खळगे दिसतात. ती बाजू वर ठेवली की हातशिलाईची सुई त्याच दिशेने जाते आणि बोटांना कमी त्रास होतो. ही गोष्ट मला अर्धी रजई झाल्यावर कळली! काही बॅटिंगच्या पाठीला पातळ जाळी असते. यंत्रावर शिवणाऱ्यांना ती सोयीची, पण हाताने शिवणाऱ्यांनी जाळीविना माल मागावा.

न विरंजलेल्या (ब्लीच न केलेल्या) बॅटिंगचा रंग सायीसारखा असतो आणि त्यात सरकीच्या टरफलांचे काळे ठिपके राहतात. पांढऱ्या कापडाखाली ते दिसतात आणि त्यांतल्या तेलाचा पिवळसर डागही पडू शकतो, म्हणून पांढऱ्या रजईसाठी विरंजलेलेच घ्यावे. पहिल्या धुण्यात असे बॅटिंग साधारण तीन ते पाच टक्के आटते, म्हणजे सव्वादोन मीटर लांबीत सात ते अकरा सेंटिमीटर. जुन्या गोधडीसारखा सुरकुतलेला पोत आवडत असेल तर हे आटणे उपयोगाचेच आहे. तो नको असेल तर बॅटिंग आधी कोमट पाण्यात भिजवून, न चोळता, टॉवेलात गुंडाळून दाबावे आणि आडवे वाळवावे. कापताना चारही बाजूंना बोटभर नव्हे, चांगले पाच-सात सेंटिमीटर जास्त ठेवावे, कारण टाके पडत जातात तसे ते आत ओढले जाते.

दुकानात हे बॅटिंग पूर्ण मीटरातच कापून देतात, त्यामुळे प्रत्येक वेळी पट्टी उरते. उरलेल्या दोन पट्ट्यांच्या कडा एकीवर एक न चढवता शेजारी शेजारी भिडवून मी सैल तिरप्या टाक्यांनी जोडल्या आणि त्यातून भाचीच्या बाळासाठी दुपटे केले. हात फिरवला तरी जोड लागत नाही.